अकरा भाड्यांचं वर्ष

नमस्कार श्रोतेहो. परवा एक परिचित पुण्यात धायरीला फ्लॅट बघून आले. म्हणाले, "साठ लाखांचा आहे, भाडं वीस हजार येतं. हप्ता भाडेकरूच फेडेल की!" मी म्हटलं, चहा होईपर्यंत कागद-पेन घ्या.

पहिली रेघ खरेदीची. पुणे महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क, स्थानिक संस्था आणि मेट्रोचे अधिभार धरून 7 टक्के, म्हणजे 4 लाख 20 हजार. घर एकट्या स्त्रीच्या नावावर घेतलं तर 1 टक्का सवलत मिळते. त्यांनी लगेच बायकोकडे पाहिलं. नोंदणी शुल्क 30 हजार. फ्लॅट तयार असल्यामुळे जीएसटी नाही, बांधकाम चालू असतं तर तोही आला असता. मग ग्रिल, पंखे, गीझर, किचन ट्रॉली, यांचे दीड लाख धरा. साठ लाखांचं घर पडलं 66 लाखांना.

आता भाडं. वीस गुणिले बारा, असं ते म्हणाले. मी अकरा लिहिलं. एक भाडेकरू गेला, रंग झाला, दुसरा आला, यात एक महिना सहज जातो. म्हणजे 2 लाख 20 हजार. त्यातून सोसायटीचा मेंटेनन्स महिना अडीच हजार, वर्षाचे 30 हजार. नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस, म्हणजे मालक स्वतः न राहता घर भाड्याने देतो म्हणून सोसायटी घेते ते जादा शुल्क, त्यातच धरलेत. सेवा शुल्काच्या 10 टक्क्यांहून जास्त सोसायटीला ते लावता येत नाहीत, तुमची जास्त लावत असेल तर बिल नीट वाचा. मालमत्ता कर 14 हजार धरला, कारण स्वतः राहणाऱ्याला महापालिका देते ती 40 टक्क्यांची सवलत भाड्याच्या घराला मिळत नाही. एजंटला एक महिन्याचं भाडं, रंग-दुरुस्तीला 16 हजार. एकूण 80 हजार गेले, हातात उरले 1 लाख 40 हजार. 66 लाखांवर हे दोन टक्क्यांच्या थोडं वर.

ते गप्प झाले. आणि हप्ता तर अजून लिहिलाच नव्हता! 48 लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के, वीस वर्षं: महिन्याला साधारण 41 हजार 650, वर्षाला पाच लाख. म्हणजे दरवर्षी 3 लाख 60 हजार, महिना तीस हजार, पगारातून घालायचे. पहिल्या वर्षी त्या पाच लाखांतले चार लाख नुसतं व्याज असतं.

किमती वाढतील, भाडंही वाढेल, हे खरं. पण वाढलेल्या किमतीतून या महिन्याचा हप्ता जात नाही. प्राप्तिकरात भाड्यावर 30 टक्के सरसकट वजावट आहे, व्याजही वजा होतं. मात्र नव्या करप्रणालीत या घराचा तोटा पगारातून वजा करता येत नाही. ज्याला महिना तीस हजार बाजूला काढून सहा महिने घर रिकामं राहिलं तरी झोप लागेल, त्याने जरूर घ्यावं.

भाडेकरार मात्र नोंदवा, अकरा महिन्यांचा असला तरी. महाराष्ट्रात ते बंधनकारक आहे.

आणि डिपॉझिटचे साठ हजार? ते मिळकतीत धरले होते त्यांनी. मी खोडले. ते भाडेकरूचे पैसे, जाताना मागणार. वेगळ्या खात्यात ठेवा.

चहा तोवर गार झाला होता. नमस्कार.