शालीतला बर्फ आणि सातवीचा पेपर

(तालुक्यातील विज्ञान शिक्षकांच्या मेळाव्यात एका निवृत्त शिक्षकांनी केलेले भाषण, थोडे संपादित करून)

मंडळी, सत्काराबद्दल आभार. नारळ घरी जाईल, शाल मात्र मी इथेच वापरणार आहे. या थर्मासमध्ये बर्फाचे खडे आहेत. चार खडे या प्लास्टिकच्या पिशवीत, चार त्या पिशवीत. पहिली पिशवी या स्टीलच्या ताटलीत उघडी ठेवतो. दुसरी तुम्ही दिलेल्या शालीत गुंडाळतो, चांगले तीन-चार वेढे देतो आणि टेबलावर ठेवतो. पिशवी दुहेरी आहे, अध्यक्षांनी शालीची काळजी करू नये. पंखा चालू राहू दे. भाषण संपलं की दोन्ही उघडून बघू. कुठला बर्फ आधी वितळेल ते प्रत्येकाने मनाशी ठरवून ठेवा. हात वर करायला सांगत नाही, कारण शेजारचा बघून हात वर करायची सवय मुलांना आपल्याकडूनच लागते.

हाच प्रश्न मी बरीच वर्षं सातवीला विचारत आलो. त्याआधी पेपरात रिकामी जागा असायची: ‘लोकर ही उष्णतेची डॅश आहे.’ सगळा वर्ग ‘दुर्वाहक’ लिहायचा, मीही खूश. मग एकदा सहज त्याच मुलांना विचारलं, बर्फ शालीत गुंडाळला तर काय होईल? बहुतेकांनी लिहिलं, लवकर वितळेल. कारण? ‘शाल गरम असते.’ म्हणजे दुर्वाहक हा शब्द पाठ होता. पण मुलांच्या मनात शाल ही एक लहानशी शेगडीच होती! आपल्या अंगाची उष्णता शाल अडवून धरते, शालीत स्वतःची काही ऊब नसते, हे कुणाच्याही डोक्यात शिरलेलं नव्हतं. मार्क मात्र सगळ्यांना पूर्ण मिळाले होते.

एका मुलीचं उत्तर अजून माझ्या वहीत आहे. तिने लिहिलं होतं: ‘गोळेवाला बर्फाची लादी गोणपाटात ठेवतो, म्हणून गोणपाटात उशिरा वितळेल. पण गोणपाट गरम नसतं आणि शाल गरम असते, म्हणून शालीत लवकर वितळेल.’ काय देणार मार्क? उत्तरसूचीप्रमाणे शून्य. पण साठ पेपरांत निरीक्षण केलेलं हे एकच उत्तर होतं. पोरीला फक्त गोणपाट आणि शाल एकाच रांगेत बसवायचे होते. दुसऱ्या दिवशी तिच्या हातात थर्मामीटर दिला आणि वर्गातल्या स्वेटरचं, बाकाचं, खिडकीच्या लोखंडी गजाचं तापमान मोजायला सांगितलं. सगळीकडे जवळजवळ सारखंच तापमान आलं. ती म्हणाली, ‘सर, थर्मामीटर बिघडलाय.’ हाताला गज गार लागतो ना! गज हातातली उष्णता पटकन ओढून घेतो म्हणून तो गार लागतो, हे कळायला पुढचा अख्खा तास गेला. तो तास वाया गेला असं मला कधी वाटलं नाही.

उष्णता आणि तापमान यांचा घोळ मुलांनी घातलेला नाही. जोसेफ ब्लॅक या स्कॉटिश शास्त्रज्ञाने 1760 च्या सुमारास ग्लासगोत बर्फ आणि पाण्यावर प्रयोग करून या दोन गोष्टी नीट वेगळ्या केल्या. तोवर मोठमोठ्या विद्वानांचीही समजूत हीच होती, की बर्फ वितळायच्या बेताला आला की थोड्याशा उष्णतेने तो सगळा चटकन पाणी होतो. आपल्या मुलांच्या वाटेत तर आणखी एक आडकाठी आहे, ती भाषेची. पपई उष्ण, ताक थंड. अंगात उष्णता झाली. मी एकदा ‘उष्ण वस्तूचे उदाहरण द्या’ असं विचारलं आणि एकाने लिहिलं, पपई. चूक कुणाची? मी प्रश्न मराठीत विचारला होता, त्याने उत्तर मराठीतच दिलं!

म्हणून व्याख्या विचारण्याऐवजी मी असं विचारू लागलो: बादलीभर कोमट पाणी आणि कपभर उकळतं पाणी, जास्त बर्फ कशाने वितळेल? मुलं उकळत्या पाण्यावर तुटून पडतात. मग फळ्यावर हिशोब मांडायचा. 1 ग्रॅम पाणी 1 अंशाने थंड झालं की 1 कॅलरी उष्णता देतं, आणि 1 ग्रॅम बर्फ वितळायला 80 कॅलरी लागतात. 15 लिटर पाणी 40 अंशांवरून शून्यावर आलं, तर साडेसात किलो बर्फ वितळतो. 150 मिलिलिटर उकळतं पाणी शून्यावर आलं, तर 190 ग्रॅमही नाही. हा आकडा बघून वर्गात जी शांतता पसरते, ती ‘उष्णता म्हणजे काय ते लिहा’ या प्रश्नाने कधीच पसरली नाही.

आणखी एक घरचा प्रश्न. पातेल्यात डाळ उकळते आहे. गॅस मोठा केला तर पाणी आणखी गरम होईल का? होत नाही, वाफ जास्त होते इतकंच. डाळ लवकर शिजवायची तर कुकर लावावा लागतो, कारण त्यात दाब वाढतो आणि पाणी 120 अंशांच्या आसपास उकळतं. हे मी घरी ऐन स्वयंपाकाच्या वेळी समजावून सांगायला गेलो होतो. त्याचं पुढे काय झालं ते या भाषणात येत नाही.

आता जीवशास्त्र. इथे माझा आवडता प्रश्न मटकीचा. डब्यातली कोरडी मटकी सजीव की निर्जीव? उत्तरं येतात: निर्जीव, कारण ती हलत नाही, खात नाही. सजीवांची लक्षणं पाठ असतात, त्यांचीच फूटपट्टी लावलेली असते. काहीजण लिहितात, भिजवल्यावर सजीव होते. हे उत्तर चुकीचं आहे, पण फार कामाचं आहे. त्या मुलांना विचारायचं, भाजलेली मटकी भिजवली तर मोड येतील का? पाणी तेच, फडकं तेच. मग भाजताना मटकीतलं काय गेलं? एका मुलाने लिहिलं होतं, ‘मटकी डब्यात झोपलेली असते.’ मी पूर्ण मार्क दिले. तपासणीला आलेल्या एका साहेबांनी त्या पेपराला लाल खूण केली, पुस्तकात असं वाक्य नाही म्हणून. वाक्य पुस्तकात नव्हतं, हे साहेबांचं बरोबरच होतं.

दुसरा प्रश्न लाकडाचा. अंगणातल्या आंब्याचा बुंधा कवेत मावत नाही, एवढं लाकूड आलं कुठून? प्रकाशसंश्लेषण पाठ असलेल्या वर्गातली नव्वद टक्के मुलं लिहितात, मातीतून. का लिहिणार नाहीत? खत हे झाडाचं अन्न, असं आपणच म्हणत असतो. सतराव्या शतकात व्हान हेलमाँट या शास्त्रज्ञाने नेमका हाच प्रश्न तराजूवर तोलला. सुकवलेली 200 पौंड माती कुंडीत भरली, त्यात 5 पौंडांचं विलोचं रोप लावलं आणि पाच वर्षं नुसतं पाणी घातलं. झाड झालं 169 पौंडांचं. माती पुन्हा सुकवून तोलली तर घटली होती जेमतेम दोन औंस, म्हणजे आपल्या हिशोबात साठ ग्रॅमच्या आत. त्याने निष्कर्ष काढला की झाड पाण्यापासून बनलं. अर्धवट बरोबर आणि बराचसा चूक. म्हणून सातवीतलं पोरगं ‘पाण्यातून’ असं लिहितं, तेव्हा मी त्याच्या पेपरावर ‘व्हान हेलमाँट’ असा शेरा मारतो. मुलं शोधायला जातात हा कोण ते.

लाकडाचा बराचसा भाग हवेतल्या कार्बन डायऑक्साइडपासून बनतो. पण हवेतून असं कुणीच का लिहीत नाही, हे मला बरीच वर्षं कळत नव्हतं. शेवटी एकाला जवळ बसवून विचारलं. तो म्हणाला, ‘सर, हवेला वजनच नसतं, मग त्याचं लाकूड कसं होईल?’ म्हणजे चूक प्रकाशसंश्लेषणाच्या धड्यात नव्हतीच, ती हवेच्या धड्यात होती. आठ मीटर लांब, सहा मीटर रुंद, तीन मीटर उंच वर्गातली हवा दीडशे किलोहून जास्त भरते, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. आपण धडे वेगळे शिकवतो, घटक चाचण्या वेगळ्या घेतो, आणि मुलाच्या डोक्यात मात्र सगळं एकाच पोत्यात भरलेलं असतं. जीवशास्त्राचा पेपर तपासताना रसायनाची चूक सापडते, आणि आपण ती जीवशास्त्राच्या खात्यावर मांडून मोकळे होतो.

रसायनाचं थोडक्यात सांगतो. साखर चहात विरघळते की वितळते? मुलं दोन्ही लिहितात, आणि आपण शुद्धलेखन तपासल्यासारखं लाल पेनाने शब्द बदलून देतो. शब्द बदलून काही होत नाही. 100 ग्रॅम पाण्यात 10 ग्रॅम साखर विरघळली, वजन किती? असं विचारा. 110 लिहिणारे थोडे. काही 100 लिहितात, कारण साखर दिसेनाशी झाली. काही 105 लिहितात, आणि या 105 वाल्यांवर माझा फार जीव आहे. साखर आहे असंही त्यांना वाटतं आणि नाही असंही वाटतं, म्हणून त्यांनी मध्येच तडजोड केली.

आणि हळद. ‘हळद हा नैसर्गिक दर्शक आहे’ हे वाक्य कितीदा लिहून घेतलं असेल! दर्शक म्हणजे आम्ल की आम्लारी ते रंग बदलून सांगणारा पदार्थ. त्याऐवजी: शर्टावर हळदीचा डाग होता, साबण लावल्यावर लाल झाला, आता त्यावर लिंबू पिळलं तर? एका उत्तरात होतं, ‘आई ओरडेल.’ मी खाली लिहिलं, ‘आणि डाग?’ पेपर परत आला, खाली पेन्सिलने, ‘परत पिवळा. करून बघितलं. आई ओरडली.’

तुम्ही म्हणाल, हे सगळं ठीक आहे, पण वर्गात साठ मुलं आणि आकारिक, संकलित मूल्यमापन, त्यांच्या नोंदी, ऑनलाइन माहिती भरणं, वेळ कुठला? मान्य. मी सगळा पेपर असा काढा म्हणत नाही. पंधरवड्याला एक प्रश्न, पावपानी चिठ्ठीवर, नाव घालायचं नाही, मार्क नाहीत. उत्तरं वाचायची आणि सारखी उत्तरं एका गठ्ठ्यात ठेवायची. तीन-चार गठ्ठ्यांच्या वर जात नाहीत. बहुपर्यायी प्रश्न काढायचा असला, तर पर्याय याच गठ्ठ्यांतून उचलायचे. आपण चुकीचे पर्याय टेबलावर बसून रचतो. एक बरोबर, एक त्याच्यासारखा, एक हास्यास्पद आणि चौथा सुचला नाही की ‘वरीलपैकी सर्व’. शिकवणीतली मुलं विज्ञान न वाचता या रचनेवरूनच उत्तर ओळखतात. ‘शाल गरम असते म्हणून लवकर’ हा पर्याय मुलाच्या तोंडचा असला, की त्याला स्वतःचीच समजूत छापलेली दिसते आणि तो तीच निवडतो. शेवटी एवढंच जोडायचं: कारण एका ओळीत लिहा.

मोठ्या प्रमाणावर हे जमत नाही असंही नाही. मध्य प्रदेशात होशंगाबादला 1972 साली सोळा शाळांत प्रयोगांवर आधारलेलं विज्ञान शिक्षण सुरू झालं. पुढे एकलव्य संस्थेने ते वाढवलं आणि शेकडो सरकारी शाळांत नेलं. तिथे आठवीच्या बोर्डाच्या परीक्षेला मुलं पुस्तक आणि स्वतःची वही उघडी ठेवून बसायची, शिवाय प्रत्यक्ष प्रयोगाची परीक्षा असायची. वही उघडी असली की ‘व्याख्या लिहा’ या प्रश्नाला काही अर्थच उरत नाही. प्रश्न काढणाऱ्यालाच घाम फुटतो. 2002 साली सरकारने तो कार्यक्रम बंद केला. तीस वर्षं एवढ्या गावांतून तो चालला होता, हे आपल्याकडे फारसं कुणी सांगत नाही. आपल्या मुंबईच्या होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेतही सहावी आणि नववीच्या मुलांना प्रात्यक्षिकाची फेरी असते. पण तिथे निवडून आलेली मुलं असतात. माझा प्रश्न मागच्या बाकावरच्या मुलाचा आहे.

एकदा मात्र मी फसलो, तेही सांगतो. उत्साहात अख्खा सहामाहीचा पेपर असा काढला. वर्गाची सरासरी धाडकन खाली आली, पालक शाळेत आले, आणि ज्या मुलांना शब्द पाठ करून का होईना पण पंचवीसपैकी अठरा मिळायचे, ती हिरमुसली. नऊ मार्कांचा पेपर घरी नेणारं पोर शालीचा विचार करत नाही, वडील काय म्हणतील याचा करतं. तेव्हापासून असे प्रश्न मार्कांच्या बाहेर ठेवले.

चला, बर्फ बघू. पुढे या दोघं-तिघं. ही ताटलीतली पिशवी: पाणीच पाणी, मध्ये एक चकती तरंगते आहे. आता शाल. सोडा वेढे. हं, हेही थोडे वितळलेत, पण चारही खडे शिल्लक आहेत. टोकं गेलीत, हाताला नीट लागतात. मागे पाठवा, सगळ्यांनी हात लावून बघा.

काय म्हणालात मॅडम? मोठ्याने बोला, सगळ्यांना ऐकू दे. उघडा बर्फ स्टीलच्या ताटलीत होता आणि शालीतला लाकडी टेबलावर. स्टील सुवाहक. मग फरक शालीमुळे पडला की ताटलीमुळे?

बरोबर आहे. मघाशी खिडकीच्या गजाचं मीच सांगितलं आणि स्वतःच ताटली घेतली. हे लक्षातच आलं नाही माझ्या. थर्मासमध्ये आणखी सात-आठ खडे असतील. मॅडम, तुम्हीच या पुढे आणि दोन्ही पिशव्या टेबलावर ठेवा. चहा आला असेल तर तो इथेच आणायला सांगा.