फॉरमॅट झालेल्या डिस्कवर काय उरतं?

(इंदूरच्या मराठी मंडळींसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. आज समोर वडीलधारी माणसं बरीच दिसतायत, आणि मला बोलायचंय ते मुख्यतः त्यांच्याशीच. घरातले जुने फोटो, लग्नाचे व्हिडिओ, वंशावळीचे स्कॅन हे सगळं आता ट्रंकेतून निघून हातात मावेल अशा एका डिस्कमध्ये जाऊन बसलंय. ती चुकून फॉरमॅट झाली, म्हणजे नव्याने वापरायला कोरी मांडली गेली, की घरात एकच गोंधळ उडतो. मग कुणीतरी म्हणतं, "डिस्क चालू तरी आहे का, बघू." आणि चालू आहे का ते बघायला तिच्यावर काहीतरी कॉपी करतं. माझा सगळा जीव या एका गोष्टीसाठी तुटतो. फॉरमॅटने जातं ते बहुतेक वेळा परत आणता येतं. त्या कॉपीखाली गाडलं गेलेलं मात्र कुणालाही आणता येत नाही.

फाइल डिलीट केली म्हणजे संगणक ती पुसायला जात नाही. डिस्कवर फाइली मांडायच्या विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीत प्रत्येक फाइलची एक नोंद असते, सहसा 1024 बाइटची. तिच्यात नाव, तारखा आणि डिस्कवरचा ठावठिकाणा असतो. डिलीट करताना त्या नोंदीवरची 'वापरात आहे' ही खूण काढतात आणि तिची जागा मोकळी म्हणून मांडतात, बस. खसऱ्यातून नाव कमी केलं म्हणून शेतातला उभा गहू नाहीसा होत नाही, तसंच हे. क्विक फॉरमॅटमध्ये या नोंदींची नवी कोरी सारणी मांडली जाते, बाकी डिस्कला हातही लागत नाही. फुल फॉरमॅटची गोष्ट वेगळी. विस्टापासून पुढच्या विंडोजमध्ये फुल फॉरमॅट संपूर्ण डिस्कवर शून्यं लिहितं, आणि तिथे आम्हा गेलेल्या फाइली परत काढणाऱ्यांचे हात टेकतात.

रामबागेतल्या एका घरातली डिस्क सांगतो. त्या घरातले आजोबा नारदीय कीर्तन करायचे. गणेशोत्सवातली त्यांची कीर्तनं कॅसेटवर होती. कॅसेटना बुरशी धरायला लागली, म्हणून जावयांनी एकेक वाजवून 1 टीबीच्या डिस्कवर उतरवून घेतली आणि कॅसेट टाकून दिल्या. पुढे कुणीतरी ती डिस्क टीव्हीला लावली. टीव्हीने विचारलं, फॉरमॅट करू का? रिमोटवर ओके दाबलं गेलं. घाबरून डिस्क संगणकाला लावली, रिकामी दिसली, आणि चालते का ते बघायला मुलाने तिच्यावर दोन सिनेमे टाकले.

इथे जरा थांबून हिशेब बघा. विंडोजवर फॉरमॅट केलेल्या एवढ्या डिस्कमध्ये नोंदींची मुख्य सारणी सहसा 786432 व्या क्लस्टरपासून सुरू होते. क्लस्टर म्हणजे डिस्कवरची जागा ज्या कप्प्यांत वाटतात तो कप्पा. एक क्लस्टर 4 केबीचा, म्हणजे ही सारणी सुरुवातीपासून 3 जीबी आत. टीव्हीने मांडलेली फॅट32 या दुसऱ्या पद्धतीची नवी सारणी, तिच्या दोन्ही प्रती धरून, सुरुवातीचे जेमतेम 250 एमबी खाते. म्हणजे ओके दाबल्यानंतरही जुन्या नोंदी जशाच्या तशा होत्या. त्याच क्षणी डिस्क काढून ठेवली असती तर फोल्डर, नावं, तारखा, सगळं परत मिळालं असतं. पण नवी फाइल डिस्कच्या सुरुवातीपासून जागा भरत जाते. दोन सिनेमे मिळून 4 जीबीच्या आसपास होते, ते थेट त्या सारणीवर जाऊन बसले.

नावं गेली, पण कीर्तनं पुढे पसरलेली होती. अशा वेळी सारणीचा नाद सोडून डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायची आणि फाइलींच्या सुरुवातीच्या खुणा शोधायच्या. पीडीएफ स्वतःचं नाव सांगतच सुरू होते. डब्ल्यूएव्ही ध्वनिफाइल 'आर आय एफ एफ' या चार अक्षरांनी सुरू होते, आणि लगेच पुढच्या चार बाइटमध्ये फाइल किती लांब आहे ते लिहिलेलं असतं. सुरुवात सापडली, लांबी कळली, की तेवढा तुकडा उचलायचा. रिकाम्या डिस्कवर एकामागून एक कॉपी केलेल्या फाइली सहसा सलग असतात, म्हणून कीर्तनं अखंड निघाली. भरलेल्या डिस्कवर तुकड्यातुकड्यांत विखुरलेले व्हिडिओ असे सुटत नाहीत, हेही सांगून ठेवतो.

यासाठी फोटोरेक नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, फ्रान्सच्या ख्रिस्तोफ ग्रेनिए यांनी लिहिलेलं. ते फाइलीला नाव देतं 'एफ' आणि पुढे एक लांबलचक आकडा. हा आकडा म्हणजे ती फाइल डिस्कवर जिथे सापडली त्या सेक्टरचा, म्हणजे डिस्कवरच्या लहानात लहान कप्प्याचा, क्रमांक. त्यामुळे आकड्यांच्या क्रमाने लावलं की जावयांनी कॅसेट ज्या क्रमाने उतरवल्या, जवळपास तोच क्रम मिळाला. ए बाजूच्या शेजारी बी बाजू. मग त्या घरातल्या काकू आणि त्यांच्या नणंदबाई ऐकायला बसल्या. पूर्वरंगाला कुठला अभंग घेतलाय, पेटीवर कोण आहे, मधेच खोकणारे गृहस्थ कोण, यावरून त्यांनी एकेका वर्षाचं नाव परत लावलं. हे काम कुठलंही सॉफ्टवेअर करू शकलं नसतं. त्यांच्या स्मरणशक्तीपुढे मी मनापासून हात जोडले.

आता करायचं काय? डिस्क ताबडतोब काढा. तिच्यावर चेकडिस्क हे विंडोजचं डिस्क तपासायचं साधन चालवू नका, ते दुरुस्तीच्या नावाखाली तिच्यावरच लिहितं. रिकव्हरीचं सॉफ्टवेअर त्या डिस्कवर उतरवू नका, आणि सापडलेल्या फाइली तिच्यावरच सेव्ह करू नका. तेवढ्याच किंवा मोठ्या दुसऱ्या डिस्कवर आधी सेक्टरन् सेक्टर प्रत काढा आणि सगळे प्रयोग प्रतीवर करा. डिस्क वाचताना अडखळत असेल तर जीएनयू डीडीरेस्क्यू हे प्रत काढायचं सॉफ्टवेअर वापरतात. ते चांगला भाग आधी वाचून घेतं आणि खराब भागाकडे नंतर वळतं.

आतून टकटक आवाज येत असेल तर मात्र घरी काहीही करू नका. डिस्क फ्रीजरमध्ये ठेवायचा सल्ला अजून फिरतोय, तो ऐकू नका. वाचणारं हेड तबकडीपासून काही नॅनोमीटरवर तरंगतं, तिथे दव धरलं तर उरलंसुरलंही जाईल. ती धूळमुक्त खोलीत उघडायची वस्तू आहे.

एसएसडी, म्हणजे फिरती तबकडी नसलेली, चिपवर साठवणारी डिस्क, तिच्याबद्दल खोटी आशा लावणार नाही. विंडोज 7 पासून, म्हणजे 2009 पासून, डिलीट होताच 'ट्रिम' नावाची आज्ञा जाते आणि एसएसडी ती जागा स्वतःच साफ करून टाकते. तिथे मिळालंच तर नशीब. म्हणून घरातला जुना ठेवा एसएसडीवर एकुलता एक ठेवू नका. साध्या डिस्कवर तरी एकुलता एक का ठेवायचा, म्हणा.

डिस्क घेऊन रिकव्हरी करणाऱ्या माणसाकडे जाल तेव्हा सोबत एक चिठ्ठी न्या. काय झालं, त्यानंतर डिस्कवर काय काय टाकलं, आणि आत कुठल्या प्रकारच्या फाइली होत्या, एवढं लिहा. सिनेमे टाकलेत हे सांगायला लोक लाजतात. आम्हाला सर्वात आधी तेच कळायला हवं असतं.