आजीचं कोण करतं?

(दृश्य : पहाट. स्वयंपाकघरात गॅसवर पाण्याचं पातेलं. आतल्या खोलीतून खोकल्याचा आवाज.)

घरातल्या आजारी, म्हाताऱ्या माणसाची काळजी घेण्याच्या कामाला आमच्याकडे नाव नाही. नुसतं ‘करणं’ म्हणतात. “तिनं सासूचं खूप केलं.” “आईचं कोण करतं सध्या?” काय केलं, किती वेळा केलं, रात्री किती वेळा उठावं लागलं, ते कुणी सांगत नाही आणि कुणी विचारतही नाही.

माझ्या आईनं आजीचं नऊ वर्षं केलं.

२०११च्या पावसाळ्यात आजीच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू लुळी पडली, बोलणं गेलं. अकरा दिवस दवाखान्यात काढून आम्ही तिला जीपमधून घरी आणलं, तेव्हा हातात एक कागद होता. त्यावर गोळ्यांच्या वेळा होत्या, मीठ कमी द्या असं लिहिलं होतं. तिला उचलून बसवायचं कसं, कूस किती वेळानं बदलायची, घास घशात अडकला तर काय करायचं, यातलं काहीच त्या कागदावर नव्हतं. महिन्याभरात माकडहाडापाशी जखम झाली. दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, हे आईला जखम झाल्यावर कळलं. गावातल्या नर्सबाईंनी सांगितलं, म्हणून.

(दृश्य : आईचे हात. ती चादरीच्या घड्या घालते आहे.)

२०१९ साली केंद्र सरकारनं देशभर पाहणी केली, की माणसं दिवसाचा वेळ कशात घालवतात. घरातल्यांची विनामोबदला काळजी घेणाऱ्या बायका त्यासाठी दिवसाला सरासरी १३४ मिनिटं देतात आणि पुरुष ७६, असं त्यात निघालं. मी आईला हा आकडा वाचून दाखवला. ती म्हणाली, “आणि रात्रीचं?”

आजी २०२०मध्ये गेली. त्यानंतर मी शोधायला लागले, की त्या नऊ वर्षांत आम्हाला कुठून काय मिळालं असतं. थोडंफार मिळालं असतं. पण ते महसूल खात्याकडे, आरोग्य खात्याकडे, समाजकल्याणाकडे, ग्रामपंचायतीकडे असं विखुरलेलं होतं. शिवाय प्रत्येक अर्ज आजारी माणसाच्या नावानं. करणाऱ्या बाईसाठी त्यात एक रकानाही नाही. म्हणून तिच्या मनात येतच नाही, की हे आपल्यासाठीही आहे.

सगळ्यात सोपी गोष्ट होती सामानाची. व्हीलचेअर, कमोड खुर्ची, हवेची गादी, मागून वर उचलता येणारा पलंग. महाराष्ट्रात बऱ्याच शहरांतून आणि तालुक्याच्या गावांतून रुग्णसाहित्य केंद्रं चालतात. अनामत भरायची, थोडं भाडं द्यायचं, काम झालं की वस्तू परत करायची. कुठे ती एखादी सेवाभावी संस्था चालवते, कुठे ज्येष्ठ नागरिक संघ, कुठे गणेश मंडळ. आम्ही गादी विकत घेतली, तीही चौथ्या वर्षी, पैसे साठवून.

(दृश्य : तहसील कार्यालयाचा व्हरांडा. बाकावर बसलेली म्हातारी माणसं.)

राज्य सरकारच्या श्रावणबाळ योजनेत ६५ आणि त्यापुढच्या वयाच्या माणसाला महिन्याला १,५०० रुपये मिळतात. मात्र दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव हवं, नाहीतर कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत हवं. म्हणजे महिन्याला १,७५०. एका माणसाच्या मजुरीवर चालणारं घरसुद्धा या अटीत बसणं कठीण आहे. ही मर्यादा वाढायलाच हवी, असं मला ठामपणे वाटतं.

२०२४च्या ऑक्टोबरपासून सत्तर आणि त्यापुढच्या वयाच्या प्रत्येकाला, उत्पन्न न बघता, आयुष्मान भारत या सरकारी आरोग्य विम्याचं कार्ड मिळतं. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार. हे मोठं काम झालं. पण ते दवाखान्यात दाखल झाल्यावरच्या खर्चासाठी आहे. घरी पडून असलेल्या माणसाला रोज लागणारे डायपर, मलमपट्टी, त्यात येत नाहीत. आमच्या घरचा खर्च सगळा तिथंच होत होता.

आता जरा अवघड गोष्टीकडे येते.

आजीला तीन मुलगे. माझे बाबा मधले. थोरले काका आणि धाकटे काका शहरात. दोघं दिवाळीला यायचे, आजीच्या पायाशी बसायचे, डोळे पुसायचे. जाताना आईला म्हणायचे, “वहिनी, तुम्ही आहात म्हणून.” पैशाचा विषय कधी निघाला नाही.

आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा २००७ सालचा आहे. प्रांताधिकाऱ्यांसमोर साधा अर्ज करता येतो. निर्वाह खर्च महिन्याला १०,००० रुपयांपर्यंत ठरवून मिळतो आणि नोटीस पोचल्यापासून ९० दिवसांत निकाल द्यावा असं कायदा सांगतो. आजीसारखं बोलता न येणारं माणूस असेल, तर त्याच्या वतीनं दुसरी व्यक्ती किंवा संस्था अर्ज करू शकते. मी हे आईला सांगितलं, तर तिनं कपाळाला हात लावला. “दिरांवर अर्ज टाकायचा? मग दारात कोण येईल?”

तिचं म्हणणं मला कळतं. म्हणून त्याच कायद्यातली आणखी एक तरतूद मी तिला वाचून दाखवली. सुनावणीआधी प्रकरण समेट अधिकाऱ्याकडे देता येतं आणि त्यानं महिन्याभरात तोडगा काढायचा प्रयत्न करायचा असतो. त्रयस्थ माणसानं काकांना एकदा समोर बसवलं असतं, खर्चाचा कागद पुढे ठेवला असता, तर कदाचित भांडणाशिवाय भागलं असतं. ज्यांना अर्ज नकोच वाटतो, त्यांनी निदान १४५६७ लावावा. ही ज्येष्ठांसाठीची एल्डरलाइन आहे, सकाळी ८ ते रात्री ८. म्हाताऱ्या माणसानंच फोन करावा असं नाही. सून करू शकते, शेजारीणही करू शकते.

(दृश्य : गल्ली. एका ओसरीवर पंचविशीचा मुलगा, शेजारी त्याची आई, शेंगा फोडताना.)

आमच्या गल्लीतल्या काकूंचा प्रश्न वेगळा आहे. त्यांचा मुलगा पंचवीस वर्षांचा, समजेनं पाच-सहा वर्षांचा. काकू म्हणतात, “माझ्या माघारी याचं कोण करणार?” अशा मुलांसाठी १९९९ साली राष्ट्रीय न्यासाचा कायदा झाला. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी. त्यातल्या निरामय योजनेत १ लाखापर्यंतचा आरोग्य विमा आहे आणि त्याआधी वैद्यकीय तपासणीची अट नाही. मूल अठरा वर्षांचं झालं, की कायद्यानं आईबापाचं पालकत्व संपतं. पुढे कायदेशीर पालक नेमायचा तर जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे अर्ज करायचा. काकूंना सात वर्षांत हे कुणी सांगितलं नव्हतं.

आणि ग्रामपंचायतीनं, नगरपालिकेनं स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. तो कशावर झाला, हे ग्रामसभेत उभं राहून विचारता येतं. त्या निधीतून मदत मिळायची तर दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आधी हातात हवं. २०१६च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. मानसिक आजार त्यात आहे, हातापायांना कंप सुटतो तो पार्किन्सन्सही आहे. घरात पार्किन्सन्सचा पेशंट असलेल्या कितीतरी लोकांना ही गोष्ट माहीतच नसते.

(दृश्य : पुणे. सभागृहात गोलाकार मांडलेल्या खुर्च्या.)

पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे. तिथं आजारी माणसाला शुभार्थी म्हणतात आणि त्याचं करणाऱ्याला शुभंकर. हा शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी थबकले. नऊ वर्षं आई जे करत होती, त्याला नाव होतं तर.

पुण्यातच वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर सेंटर आहे, म्हणजे वेदना कमी करून दिलासा देणारं केंद्र, १९९७ पासून. कॅन्सरच्या रुग्णांची आणि त्यांच्या घरच्यांची तिथं विनामूल्य काळजी घेतली जाते. स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन ही पुण्यातली आणखी एक संस्था, स्किझोफ्रेनिया या गंभीर मानसिक आजारासाठीची. कॅनडातल्या कॅलगरीत प्राध्यापक असलेल्या जगन्नाथ वाणींनी ती उभी केली. त्यांच्या पत्नीला हा आजार होता. तिथं घरचे लोक एकमेकांसमोर बसून बोलतात.

हे सगळं पुण्यात. आमच्या गावात काय? आशाताई आहेत, उपकेंद्रातले समुदाय आरोग्य अधिकारी आहेत. वृद्धांची आणि अंथरुणाला खिळलेल्यांची काळजी ही आरोग्यवर्धिनी केंद्राच्या, म्हणजे आताच्या आयुष्मान आरोग्य मंदिराच्या, कामात धरलेली आहे, तेव्हा तिथं जाऊन मागायला हरकत नाही. आणि मन फार दाटून आलं, रडू आवरेना, तर १४४१६. टेली मानस, मनाच्या त्रासासाठीचा सरकारी फोन. रात्री दोनलाही चालतो, मराठीत बोलता येतं. तो आजारी माणसासाठी आहे तसा त्याचं करणाऱ्यासाठीही आहे.

एक गोष्ट मात्र मला शोधूनही सापडली नाही. आमच्या तालुक्यात चार दिवस आजीला कुणी प्रेमानं ठेवून घेईल अशी जागा. नऊ वर्षांत आई माहेरी एकदाच मुक्कामाला राहिली. तिची आई गेली तेव्हा. एक रात्र.

(दृश्य : संध्याकाळ. दारात शेजारची सून.)

गेल्या महिन्यात समोरच्या घरी सासरे पडले. खुबा मोडला. सून अठ्ठावीस वर्षांची, कडेवर लहान पोर. संध्याकाळी दारात येऊन म्हणाली, “काकू, त्यांना कुशीवर वळवायचं कसं हो? डॉक्टरांनी एकदा दाखवलं, पण मला भीती वाटते, दुखावेल.”

आईनं हातातली भाजी खाली ठेवली. पदर खोचला. मी कॅमेरा घेऊन मागून गेले.

“पोराला हिच्याकडं दे,” आई म्हणाली. “आणि डॉक्टरांनी दाखवलं ते आधी मला सांग. कुठला पाय? बरं. दोन्ही गुडघ्यांच्या मधे उशी घाल. आता त्यांना सांग, की आपण वळवतोय. न सांगता हात लावायचा नाही. सांगितलंस? हं. तू तिकडून धर.”