आधी नट आवळा, स्पॉइलरचं नंतर बघू

मंडळी, ऑटोक्रॉस म्हणजे मोकळ्या डांबरी पटांगणात कोन मांडून आखलेला वळणावळणाचा मार्ग, त्यावर एका वेळी एकच गाडी, आणि घड्याळ. फेरी बहुधा मिनिटभरात आटोपते आणि गाडी बराचसा वेळ दुसऱ्या गिअरमध्येच असते. त्यामुळे पहिल्या वेळी एक्झॉस्ट, टर्बो असल्या गोष्टींवर खर्च करण्यात फारसा अर्थ नाही. सस्पेन्शन बदललंत तर उलट बऱ्याच ठिकाणी वरच्या वर्गात टाकतील, आणि तिथे तुमच्यासमोर मुरलेले गडी असतील. गाडी आहे तशीच न्या. फक्त ती खरोखर धड आहे ना, याची खात्री करून न्या.

स्पर्धेआधीच्या तपासणीच्या टेबलावर गाडी परत पाठवली जाते ती बहुतेक वेळा क्षुल्लक कारणांनी. बॅटरी दोन्ही हातांनी धरून जोरात हलवा. ती तसूभरही सरकता कामा नये. क्लॅम्प ढिला असेल तर तीव्र वळणात बॅटरी सरकते, तिचं टोक धातूला टेकतं आणि शॉर्ट होतो. मग गाडी जॅकवर घ्या, स्टँड लावा आणि प्रत्येक चाक वर-खाली धरून हलवा. खडखड जाणवली तर चाकाचं बेअरिंग किंवा बॉल जॉइंट (चाकाला सस्पेन्शनशी जोडणारा सांधा) गेलेला असतो. डावी-उजवीकडे धरून हलवल्यावर जाणवली तर टाय रॉडकडे, म्हणजे स्टिअरिंगला चाकाशी जोडणाऱ्या दांड्याकडे बघा. चाकाचे नट टॉर्क रेंचनेच (ठरवलेल्या जोराने आवळणारा पाना), समोरासमोरच्या क्रमाने आवळा. बऱ्याच गाड्यांना 90 ते 120 न्यूटन-मीटर लागतं, पण आपल्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्येच पाहा. पान्यावर उभं राहून आवळलेला नट बोल्टच्या आट्या खातो.

इंजिन ऑइल डिपस्टिकच्या वरच्या खुणेपर्यंत हवं. लांब वळणात ऑइल संपच्या (इंजिनच्या तळाचं ऑइलचं भांडं) एका बाजूला चढतं, ते ओढून घेणारा पिकअप उघडा पडतो आणि क्षणभर प्रेशर जातं. खुणेच्या वर भरलंत तर क्रँक त्यात आपटून फेस करतो, तेही वाईटच. पेट्रोलचंही तसंच: टाकी पाव भागाच्या खाली गेली की कित्येक गाड्या वळणात अडखळतात. अर्धी टाकी ठेवा. जादा 20 लिटर म्हणजे सुमारे 15 किलो, त्याची एवढी धास्ती नको.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट 4 (ब्रेक ऑइलची एक प्रत) नवं असताना किमान 230 अंशांना उकळतं, ओलावा धरल्यावर ही मर्यादा 155 अंशांपर्यंत खाली येऊ शकते. ऑइल उकळलं की लाइनमध्ये वाफ होते आणि पेडल मऊ पडून खाली जातं. ऑटोक्रॉसमध्ये ब्रेक रेसट्रॅकइतके तापत नाहीत, तरी दोन वर्षांपूर्वीचं ऑइल असेल तर बदलून ब्लीड करून, म्हणजे लाइनमधली हवा काढून घ्या. डॉट 5 सिलिकॉनचं असतं. ते डॉट 4 मध्ये मिसळायचं नाही. पॅड अर्ध्याहून जास्त झिजले असतील तर नवे टाका, पण स्पर्धेच्या आदल्या रात्री नाही. नवे पॅड आधी रस्त्यावर चालवून डिस्कशी नीट जुळवून घ्यावे लागतात.

खरी मजा टायरमध्ये आहे. पहिल्या दिवशी हाताशी असलेलं फुकटातलं ट्यूनिंग हेच. रस्त्याच्या टायरची कडा वळणात दुमडते आणि गाडी टायरच्या बाजूच्या भिंतीवर चालू लागते. म्हणून दरवाजावरच्या स्टिकरपेक्षा 3-4 पीएसआय जास्त हवा भरून सुरुवात करा, पण टायरवर लिहिलेल्या कमाल दाबाच्या आत. टायरच्या खांद्यावर लहान त्रिकोण असतो. तिथे खडूची आडवी रेघ ओढा. फेरीनंतर खडू त्रिकोणाच्या टोकाखालीही पुसला गेला असेल तर हवा कमी आहे. टोकाच्या बऱ्याच वर शाबूत असेल तर जास्त आहे. एका वेळी 1-2 पीएसआयच बदला आणि वहीत टिपा. टायर तापला की साधारण दर 6 अंशांमागे 1 पीएसआय आपोआप वाढतो, तेव्हा दुपारचे आकडे सकाळशी ताडताना भान ठेवा.

आतलं सगळं बाहेर काढा: मॅट, स्टेपनी, पाना, बाटली. ब्रेक पेडलखाली घरंगळलेली बाटली फार महागात पडते. सीट अशी लावा की पाठ टेकलेली असताना मनगट स्टिअरिंगच्या वरच्या टोकावर टेकेल. हेल्मेटच्या अस्तराखालचं मानांकनाचं स्टिकर आयोजकांच्या नियमाशी आधीच ताडून घ्या. एबीएस (ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) बंद करू नका. गाडी घसरू लागल्यास सावरणारं स्टॅबिलिटी कंट्रोल पहिल्या फेरीला चालू असू द्या.

फेरी झाल्यावर हँडब्रेक ओढू नका. तापलेले पॅड डिस्कला तसेच दाबून राहतात. गाडी गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला अडण लावा. परतण्याआधी टायर पूर्ण थंड होऊ द्या, मगच हवा स्टिकरच्या आकड्यावर आणा. गरम असताना सोडलीत तर थंड झाल्यावर ती कमी भरेल. आणि नटांना टॉर्क रेंच पुन्हा एकदा लावा.