पाकिटातून घडलेला अल्बम

‘द पोस्टल सर्व्हिस’ या अमेरिकन बँडचा स्टुडिओ अल्बम एकच, ‘गिव्ह अप’. सिॲटलच्या सब पॉप कंपनीने तो १८ फेब्रुवारी २००३ रोजी बाजारात आणला. दहा गाणी, जेमतेम पाऊण तास. त्याच्याबद्दल दोन किस्से हमखास सांगितले जातात. पहिला, दोघांनी एकमेकांना पोस्टाने पाकिटं पाठवत तो केला. दुसरा, खऱ्याखुऱ्या टपाल खात्याने त्यांना नोटीस धाडली. दोन्ही खरे आहेत आणि दोन्ही मजेदार आहेत. पण मजेदार असल्यामुळेच होतं असं, की पाकिटांची गोष्ट गमतीच्या खात्यात जमा होते आणि त्या पाकिटांनी गाण्यांचं नेमकं काय केलं, हे बघायचं राहून जातं. आज मला त्याबद्दल बोलायचं आहे. नोटिशीचंही सांगेन, नाहीतर तुम्ही मला सोडणार नाही.

आधी माणसं. बेन गिबर्ड हा ‘डेथ कॅब फॉर क्यूटी’चा गायक आणि गीतकार. हा बँड १९९७ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या बेलिंगहॅमला सुरू झाला. गिटारवर उभा असलेला, हळव्या गाण्यांचा बँड. जिमी टॅम्बोरेलो लॉस एंजेलिसचा, ‘डिनटेल’ या नावाने एकट्याने इलेक्ट्रॉनिक संगीत करणारा. २००१ मध्ये डिनटेलचा ‘लाइफ इज फुल ऑफ पॉसिबिलिटीज’ आला आणि त्यातलं एक गाणं, ‘धिस इज द ड्रीम ऑफ इव्हान अँड चॅन’, गिबर्डने गायलं. ते तुम्ही ऐकलं नसेल तर जरूर ऐका. पुढच्या सगळ्या अल्बमचं बी त्यात आहे. गिबर्डचा आवाज मऊ, जवळजवळ शाळकरी. आणि त्याच्याभोवती खरखर, तुटणारे ठेके, मध्येच फुगून येणारा सिंथेसायझर. दोन्ही गोष्टी एकमेकींना सांभाळून घेत नाहीत, म्हणूनच गाणं लक्षात राहतं. मग सब पॉपमधल्या मंडळींकडून विचारणा झाली, की असा अख्खा अल्बमच का करत नाही?

दोघांचेही मुख्य उद्योग चालू होते. गिबर्डचा बँड सतत दौऱ्यावर. म्हणजे हे काम फावल्या वेळातच होणार, आणि दोघं दोन शहरांत. सिॲटल ते लॉस एंजेलिस रस्त्याने १,८०० किलोमीटर आहे. त्यावर त्यांनी काढलेला तोडगा साधा होता. टॅम्बोरेलो घरी बसून ठेके, सिंथेसायझरचे तुकडे, सुरावटी रचायचा. शब्द नाहीत, गायची चाल नाही. ते टेपवर किंवा सीडीवर उतरवून पाकीट सिॲटलला. गिबर्ड ते ऐकायचा आणि कात्री चालवायचा. हा तुकडा दोनदा येऊ दे, तो अर्धाच पुरे, इथून कडवं, इथे ध्रुवपद. मग चाल, शब्द, स्वतःचा आवाज, कुठे गिटार, कुठे हाताने वाजवलेले ड्रम. पाकीट परत लॉस एंजेलिसला. २००१ च्या अखेरीपासून पुढचं जवळजवळ वर्षभर हे असं चाललं.

आजच्या मुलांना प्रश्न पडतो, की इंटरनेट होतं ना तेव्हा? होतं की. पण हिशेब करून बघा. सीडीच्या दर्जाचा आवाज मिनिटाला साधारण १० एमबी जागा खातो. चार मिनिटांचं गाणं म्हणजे ४० एमबी. टेलिफोनच्या तारेवर चालणाऱ्या घरगुती ५६के मोडेमवर, सगळं सुरळीत चाललं आणि मध्येच कुणी फोन उचलला नाही असं धरलं, तरी एका गाण्याला पावणेदोन तासांच्या आसपास लागणार. तेही तयार मिश्रणाला. ठेका वेगळा, बास वेगळा, सिंथ वेगळा असे सुटे ट्रॅक पाठवायचे तर रात्र गेली. उलट एका कोऱ्या सीडीवर ७०० एमबी मावतात आणि पोस्टमन ती दोन-तीन दिवसांत पोचवतो. तेव्हा पोस्ट निवडलं ते जुन्या काळाच्या प्रेमापोटी नव्हे. तो त्या घडीचा सर्वांत व्यवहारी रस्ता होता.

आता मुद्द्याचं. बँडच्या तालमीत काय होतं? एकजण चार सुरांची काहीतरी कल्पना काढतो. ती धड उभी राहायच्या आत ड्रमर म्हणतो, “हे मागच्या गाण्यासारखंच वाटतंय.” संपलं. पुष्कळ बऱ्या कल्पना अशा मान टाकतात आणि पुष्कळ वाईट कल्पनाही वेळीच मरतात, तो भाग निराळा. पाकिटाच्या कारभारात ही मध्येच तोंड घालायची सोय नसते. टॅम्बोरेलोला त्याचं म्हणणं पूर्ण करूनच पाठवावं लागायचं. गिबर्डच्या हाती पडायचं ते एक भरलेलं, गजबजलेलं संगीत. गायकासाठी जागा राखून केलेली ही साथ नव्हती. त्यात आपली वाट गायकाने शोधायची. आणि त्याने कितीही कापलं, उलटंपालटं केलं, तरी त्या क्षणी अडवायला समोर कुणी नाही.

‘सच ग्रेट हाइट्स’ हेडफोन लावून ऐका. सुरुवातीला सिंथेसायझरचे टिपके डाव्या कानातून उजव्या कानात, उजव्यातून डाव्यात उड्या मारतात. ठेका चांगलाच द्रुत आहे. अशा ठेक्यावर बहुतेक गायक शब्दांची आतषबाजी करतील. गिबर्ड काय करतो? निम्म्या गतीने, लांबलांब ओढीची चाल गातो. खालचा ठेका धावतोय आणि वरचा माणूस निवांत चालतोय, अशी ती मौज आहे. एकत्र बसून जुळवलेल्या गाण्यात दोघांपैकी एकाने नक्की दुसऱ्याची गती धरली असती, असं मला वाटतं.

याचं टोक म्हणजे शेवटचं ‘नॅचरल अँथम’. पाच मिनिटांचं गाणं. तीन मिनिटं उलटून जातात तरी गायकाच्या आवाजाचा पत्ता नाही. नुसता गडगडाट. मग गिबर्ड येतो, मोजक्या ओळी गातो आणि संपवतो. टॅम्बोरेलोच्या कामाला हात न लावता बाजूला उभं राहण्याचं शहाणपण त्यात आहे. सगळीकडे हे साधलंय असं मात्र नाही. ‘स्लीपिंग इन’मध्ये स्वप्नांची जी यादी येते, ती मला बाळबोध वाटते; तिथे समोर बसून “हे राहू दे रे” म्हणणारा कुणी हवा होता.

अल्बम दोघांचा म्हणतात, पण खरं तर चार-पाच जणांचा आहे. ‘रायलो कायली’ची गायिका जेनी लुईस अनेक गाण्यांत मागून सूर देते आणि पुढे ती मंचावरची तिसरी सदस्यच झाली. डेथ कॅबचा गिटारवादक आणि ध्वनिमुद्रणाचा जाणकार क्रिस वॉला ‘नथिंग बेटर’मध्ये पियानो वाजवतो. त्याच गाण्यात सिॲटलची गायिका जेन वुड आहे. हे युगुलगीत माझं फार लाडकं आहे. पुरुष गयावया करतोय, लग्नाची, संसाराची स्वप्नं दाखवतोय. बाई त्याला मध्येच थांबवते आणि सांगते, की मी का सोडून जातेय याचे तक्ते, आलेख काढून ठेवलेत, व्याख्यानही तयार आहे. व्याख्यात्यांचा असा सन्मान पॉप संगीतात क्वचित होतो! पण बघा, ज्या अल्बमात दोन निर्माते एकमेकांना मध्येच तोडू शकत नव्हते, त्यात एकमेकांना तोडणाऱ्या माणसांचं असं गाणं निघालं.

आता नोटीस. नाव त्यांनी काम करायच्या पद्धतीवरूनच घेतलेलं. ऑगस्ट २००३ मध्ये युनायटेड स्टेट्स पोस्टल सर्व्हिसकडून पत्र आलं, की हे नाव आमचा ट्रेडमार्क आहे, वापर थांबवा. नाव बदलायची वेळ येणार असं दिसत होतं. पण वाटाघाटी झाल्या आणि खात्याने नाव वापरायला परवानगी दिली. बदल्यात अल्बमच्या पुढच्या प्रतींवर ट्रेडमार्कची सूचना छापायची, टपाल खात्याचा प्रचार करायचा, खातं आपल्या संकेतस्थळावर सीडी विकणार, आणि बँडने नोव्हेंबर २००४ मध्ये राजधानी वॉशिंग्टनला खात्याच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या वार्षिक परिषदेत गायचं. डोळ्यांपुढे आणा ते श्रोते. सरकारी खात्याने वकिलांऐवजी डोकं वापरल्याची अशी उदाहरणं थोडी. पुढे काही वर्षांनी ‘सच ग्रेट हाइट्स’चं संगीत टीव्हीवरच्या एका जाहिरातमालिकेत वाजू लागलं, ती टपाल खात्याच्या खासगी प्रतिस्पर्ध्याची, यूपीएसची होती.

मघाशी मागून एक चिठ्ठी आली: “मग दुसरा अल्बम का नाही?”

टपाल खात्याशी झालेल्या त्या समझोत्यात बँडच्या पुढच्या कामाचाही उल्लेख होता, म्हणजे तो येणार असं सगळेच धरून चालले होते. सरळ कारण हे, की ऑक्टोबर २००३ मध्ये डेथ कॅबचा ‘ट्रान्सॲटलांटिसिझम’ आला आणि गाजला. पुढच्या वर्षी ॲटलांटिक या बड्या कंपनीशी करार झाला, २००५ ला ‘प्लॅन्स’ आला. गिबर्डला फावला वेळच उरला नाही. टॅम्बोरेलो डिनटेलच्या कामाकडे वळला, त्याचा ‘डम्ब लक’ २००७ मध्ये आला. पण वेळ काढता आला असता. माझ्या मते अडचण दुसरीकडे होती. पहिल्या वेळी पाकीट पाठवताना त्यावर कुणाचा डोळा नव्हता. ‘गिव्ह अप’ तोंडोतोंडी खपत गेला, २०१२ मध्ये अमेरिकेत दहा लाखांचा टप्पा ओलांडून प्लॅटिनम झाला. सब पॉपच्या खपाच्या यादीत त्याच्या पुढे फक्त ‘निर्वाणा’ या बँडचा ‘ब्लीच’. एवढं झाल्यावर दुसरं पाकीट कितीही साध्या कागदात गुंडाळलं, तरी त्यात लाखो लोकांच्या अपेक्षा बसलेल्या असणार. नाक मुरडणारा तो ड्रमर आता दोघांच्याही डोक्यात येऊन बसला.

दहा वर्षं झाली तेव्हा, २०१३ मध्ये, वाढीव आवृत्तीत दोन नवी गाणी आली, ‘टर्न अराउंड’ आणि ‘अ टॅटर्ड लाइन ऑफ स्ट्रिंग’. नीटनेटकी आहेत, ऐकायला छान आहेत. पण त्यांत आवाज आणि ठेका एकमेकांना फारच समजून घेतात. त्या वर्षी दौरा झाला, ऑगस्टमध्ये शिकागोला संपला. मग २०२३ मध्ये पुन्हा एकदा. तेव्हा गिबर्ड एकाच संध्याकाळी दोन्ही बँडांतून गायला. आधी ‘ट्रान्सॲटलांटिसिझम’ पूर्ण, मग ‘गिव्ह अप’ पूर्ण. नवं गाणं घेऊन बँड उभा राहिलाय असं त्यात काही नव्हतं, आणि तिकिटं काढून आलेल्यांनाही ते नको होतं.