चार्ल्स्टन बघायचं ते भरती-ओहोटीचं कोष्टक हातात घेऊन

मंडळी, नमस्कार.

मार्चअखेर आपली सहल दक्षिण कॅरोलायनातल्या चार्ल्स्टनला जाते आहे. सहल समितीच्या वतीने काही गोष्टी आजच सांगायच्या आहेत, कारण या शहरात बघण्याचा क्रम चुकला की हाती नुसते फोटो उरतात. रंगीत घरं, घोडागाडी, ओकच्या झाडांची कमान, आणि संपली सहल. आम्ही क्रम मुद्दाम वेगळा लावलाय. गुलाम करून आणलेली माणसं जिथे उतरवली गेली तो धक्का आधी, त्यांच्या कष्टावर उभी राहिलेली घरं नंतर, आणि ज्या भाताने हा सगळा पैसा आणला त्याची खाचरं दुसऱ्या दिवशी.

आधी प्रवासाचं. शार्लटहून आय-७७ महामार्गाने कोलंबिया आणि तिथून आय-२६, साधारण २१० मैल. थांबे सोडून साडेतीन तास धरा. मोठी बस जुन्या शहरातल्या गल्ल्यांत नेता येत नाही, म्हणून पंधरा आसनी दोन व्हॅन घ्यायच्या. इथे हमखास होणारी चूक म्हणजे उंच छताची व्हॅन भाड्याने घेणं. ती पार्किंग गराजच्या दारातच अडते. बुकिंग करतानाच व्हॅनची उंची विचारा आणि गराजच्या उंचीशी ताडून बघा. मीटिंग स्ट्रीटवरच्या व्हिजिटर सेंटरजवळ गाड्या लावायच्या आणि पुढे पायी किंवा डॅश बसने फिरायचं. ती फुकट आहे.

आता पाण्याचं. शहर अ‍ॅशली आणि कूपर या दोन नद्यांच्या मधल्या चिंचोळ्या जमिनीवर वसलंय आणि त्यातला बराच भाग खाड्या-दलदली बुजवून केलेला आहे. पाण्याला जुनी वाट आठवते. बंदरातल्या मापकावर भरती ७ फुटांवर गेली की सखल रस्त्यांवर पाणी येतं, आकाशात ढग नसला तरी. अमावस्या-पौर्णिमेचं उधाण आणि त्यात समुद्रावरून जमिनीकडे वारा असला की जास्तच. तेव्हा घरातलं मराठी कॅलेंडर आणि हवामान खात्याचं भरतीचं कोष्टक दोन्ही बघायची सवय ठेवा. सिटी मार्केटजवळचा भाग असाच बुजवलेल्या खाडीवर आहे; तिथला फेरफटका भरतीच्या वेळी ठेवू नये. रस्त्यावर साचलेल्या पाण्यातून व्हॅन अजिबात घालायची नाही. ते खारं असतं, ब्रेक आणि वायरिंग महिनाभराने गंजून बोलायला लागतात.

पहिल्या दिवशी सकाळची पहिली बोट धरून फोर्ट समटर. १२ एप्रिल १८६१ ला याच किल्ल्यावर तोफा डागल्या गेल्या आणि अमेरिकेचं यादवी युद्ध सुरू झालं. ३४ तासांच्या भडिमारानंतर किल्ला पडला. लिबर्टी स्क्वेअरच्या धक्क्यावरून जाऊन-येऊन सव्वादोन तास लागतात, त्यातला सुमारे एक तास किल्ल्यावर. पहिल्या फेरीचा फायदा म्हणजे झेंडा चढवायला प्रवाशांचे हात लागतात. मुलांना पुढे करा. बोट कुणासाठी थांबत नाही, अर्धा तास आधी धक्क्यावर हजर राहायचं. आणि शहरात उकडत असलं तरी पाण्यावर वारा बोचतो, आईबाबांसाठी शाल-स्वेटर हाताशी ठेवा.

तिथून चालत थोड्याच अंतरावर गॅड्सडेन्स वॉर्फ. उत्तर अमेरिकेच्या मुख्य भूमीवर आणलेल्या गुलाम आफ्रिकनांपैकी सुमारे ४० टक्के चार्ल्स्टनमार्गे आले असा अंदाज नेहमी दिला जातो. याच धक्क्यावर २०२३ मध्ये इंटरनॅशनल आफ्रिकन अमेरिकन म्युझियम उघडलं. इमारत खांबांवर उचललेली आहे, खालची जमीन मोकळी सोडलीय. तिथे एक उथळ कुंड आहे. त्याच्या तळाशी माणसांच्या आकृत्या कोरल्यात, जहाजाच्या पोटात कोंबल्यासारख्या, खांद्याला खांदा लावून. पाणी हळूहळू चढतं, आकृत्या बुडतात, पाणी उतरतं, पुन्हा दिसतात. इथे दहा मिनिटं कुणी काही न बोलता उभं राहिलं तर बरं. म्युझियमची तिकिटं ठरावीक वेळेची असतात, गटाची आम्ही आधीच काढू. मुलांना काय दिसणार आहे ते पालकांनी आदल्या दिवशी घरी सांगून ठेवा. व्हॅनमध्ये घाईघाईने नको.

दुपारी सिटी मार्केट. इथल्या टोपल्यांजवळ आपल्या बायकांचे पाय थांबतील, कारण त्यांचा जुना प्रकार म्हणजे चक्क सूप: भात पाखडायचं मोठं, पसरट, काठ उचललेलं. आफ्रिकेतून आणलेल्या लोकांच्या गुल्ला वंशजांनी ही विणकाम-कला जिवंत ठेवलीय. गोडसर वासाच्या गवताची जुडी गोल गुंडाळत जायची, ताडाच्या जातीच्या झाडाच्या पातीची अरुंद पट्टी तिच्याभोवती ओवायची, आणि छिद्र पाडायला चमच्याचा घासून गुळगुळीत केलेला दांडा. लहान टोपलीलाही कित्येक तास जातात. किनाऱ्यावर घरं उठली तसं गवतही दुर्मीळ झालंय. म्हणून कृपा करून घासाघीस करू नका, आणि विचारल्याशिवाय फोटो काढू नका.

तिथेच बेने वेफर मिळतात. बेने म्हणजे तीळ. शब्द आणि बी दोन्ही पश्चिम आफ्रिकेतून आले. संक्रांतीच्या वडीची आठवण होईल, पण त्यात लोणी आणि बहुधा अंडं असतं. शाकाहारी मंडळींनी इथे नीट सावध राहावं. ग्रिट्स म्हणजे मक्याचा जाडसर रवा, दिसायला सांजा, पण कधी चिकनच्या पाण्यात शिजवतात. हॉपिन जॉन हा चवळी-भात आहे, त्यात डुकराचं मांस असतं. पालेभाजी, घेवडा, तांबडा भात, सगळ्यात तीच गत. "मीट आहे का" असं विचारू नका, नाही म्हणतील. "स्टॉक, बेकन किंवा चरबी घातलीय का" असं विचारा.

संध्याकाळी चॅमर्स स्ट्रीटवरून खाली. ६ नंबरला १८५९ साली उघडलेला गुलामांचा लिलावबाजार होता, आता संग्रहालय आहे. रस्ता गोट्यांचा आहे. बाबागाडी आणि गुडघेदुखीवाल्यांनी शेजारच्या गल्लीतून यावं. पुढे रेनबो रो, ओळीने तेरा घरं. वाटेत सिंगल हाऊस ओळखायला शिका: घराची अरुंद बाजू रस्त्याकडे, एका खोलीएवढी रुंदी, आणि दक्षिण किंवा पश्चिम अंगाला लांबलचक पडवी, वारा खेळावा म्हणून. रस्त्यावरचं देखणं दार घरात नाही, पडवीत उघडतं. ही लोकांची राहती घरं आहेत, दार ढकलून डोकावू नये. भिंतींवर लोखंडी गोल चकत्या दिसतील. १८८६ च्या भूकंपानंतर घरं आवळून धरणाऱ्या सळ्यांची ती टोकं. बारा-पंधराचे दोन गट करू, फुटपाथ अरुंद आहेत. स्वच्छतागृह मार्केटमध्येच उरकून घ्या.

दुसऱ्या दिवशी मिडलटन प्लेस, १७४१ मध्ये आखायला घेतलेली बाग. उतरत्या हिरवळीच्या पायथ्याशी फुलपाखराच्या पंखांसारखी दोन तळी आहेत. तळ्यांचे फोटो होऊ द्या, पण वेळ राखून ठेवा तो भातासाठी. खाचराच्या बांधाच्या पोटात लाकडाची लांब पेटी घालत, दोन्ही तोंडांना दारं. भरतीने नदीचं गोडं पाणी वर उचललं की नदीकडचं दार उघडं ठेवायचं. पाणी आत शिरताना शेताकडचं झुलतं दार आपोआप उघडतं, आणि ओहोटी लागली की शेतातल्या पाण्याच्याच दाबाने मिटतं. निचरा करताना नेमकं उलट. गोव्याच्या खाजणातली, म्हणजे खाडीकाठच्या शेतातली मानस (पाण्याचं झडपेचं दार) ज्यांनी पाहिलीय त्यांना हे क्षणात कळेल. फरक एवढाच, की मानस खारी भरती बाहेर ठेवते आणि इथे भरतीच शेतात घ्यायची. भात पिकवण्याचं ज्ञान पश्चिम आफ्रिकेतल्या शेतकऱ्यांनी सोबत आणलं, आणि दलदलीत कंबरभर चिखलात बांधही त्यांनीच घातले. १९११ च्या वादळानंतर इथली व्यापारी भातशेती जवळपास संपली.

तळ्यांत मगरी असतात, मुलांचा हात काठावर सोडू नका. झाडांवरून लोंबणारं करडं शेवाळ खरं तर अननसाच्या कुळातलं आहे. जमिनीवर पडलेलं उचलू नका, त्यात चावणारे बारीक किडे असतात.

नाव नोंदवताना आहार, सलग किती चालता येतं आणि परागाची अ‍ॅलर्जी हे तिन्ही लिहा. मार्चअखेर तिथे पाइनचा पिवळा पराग गाड्यांवर थराने बसतो, औषध सोबत ठेवा. निघायची नक्की वेळ त्या शनिवार-रविवारचं भरतीचं कोष्टक बघून आम्ही आठवडाभर आधी कळवू.