टोलनाक्यावरचा डबा

नमस्कार श्रोतेहो. सकाळी स्कूटरला किल्ली लावली की काट्याशेजारी एक पिवळा दिवा लागतो आणि गाडी सुरू झाली की विझतो. तो दिवा म्हणजे आतल्या चिपची हजेरी. एप्रिल 2020 पासून नव्या गाड्या बीएस-6, म्हणजे धुराच्या नव्या कडक नियमात बसणाऱ्या, झाल्या, बहुतेकींचा कार्बोरेटर गेला आणि पेट्रोल किती सोडायचं ते ही चिप ठरवू लागली. एसटीत कंडक्टरच्या हातातल्या यंत्रातही चिपच. तिकीट झटकन येतं, कबूल. पण त्या पंचची टिकटिक गेली, ते काही मला आवडलेलं नाही.

आज मात्र मला फास्टॅगबद्दल बोलायचंय. त्यातली चिप मोहरीच्या दाण्याहून लहान असते आणि तिला बॅटरी नसते. पुन्हा सांगते, बॅटरी नसते. नाक्यावरचा अँटेना रेडिओलहरी सोडतो. हो, रेडिओच, आमच्याच घराण्यातला! त्या लहरींतूनच चिपला चिमूटभर वीज मिळते, तेवढ्यावर ती जागी होते आणि आपला नंबर सांगते. पैसे खात्यातून जातात, चिपमध्ये पैसे नसतात.

तर आमचे मामा. 2021 च्या फेब्रुवारीत नियम आला, फास्टॅग नसेल तर दुप्पट टोल. मामांनी टॅग घेतला, पण लावला नाही. म्हणाले, "नव्या गाडीच्या काचेला स्टिकर? छे!" टॅग गेला स्टीलच्या कडीच्या डब्यात, विम्याच्या कागदांखाली. साताऱ्याला निघालो. मी मागे, मांडीवर दशम्यांची पिशवी. नाका आला. मामांनी देवाला नैवेद्य दाखवावा तसा डबा काचेसमोर धरला. दांडा हलेना. मामांनी डबा जरा तिरका केला. दांडा हलेना. नाक्यावरचा मुलगा हातातलं यंत्र घेऊन आला, डब्याभोवती फिरवलं, काही नाही. मागे ट्रकचे हॉर्न. (हॉर्न वाजवून दांडा उघडतो असं ज्यांना वाटतं, त्यांच्यावर मी एकदा वेगळं भाषण करणार आहे.) मामा म्हणाले, "अरे, पाचशे रुपये भरलेत त्यात!" मुलगा म्हणाला, "काका, दुप्पट भरा, नाहीतर गाडी बाजूला घ्या."

शेवटी मामी म्हणाली, "अहो, झाकण तरी काढा!"

कडी निघाली, कागद बाजूला झाले, टॅग काचेला टेकवला. टुंग! दांडा वर.

कारण साधं आहे, स्टीलमधून या लहरी आरपार जात नाहीत. लहरी नाहीत तर वीज नाही, वीज नाही तर चिप झोपलेली. मामांनी महिनाभर तिला अंधारकोठडीत ठेवलं होतं. म्हणून टॅग काचेलाच चिकटवायचा, आतून, आरशामागे. नुसता हातात धरूनही चालायचं नाही, तसले टॅग आता महामार्ग प्राधिकरण काळ्या यादीत टाकतं.

मामांनी टॅग त्याच संध्याकाळी लावला, थोडा तिरकाच लागला. डबा अजून गाडीत असतो. मामी त्यात आल्याच्या वड्या ठेवते.